त्या थपडेची माफी

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा हे पत्र पेटीत टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच ठरलेलं आहे. पण त्या थपडेवरून आपल्या दोघांत जे बोलणं अर्धं राहिलं, ते मला पुरं करायचं आहे.

लोणावळ्याच्या बंगल्यावर तुम्ही माळी होता. आषाढ, चार दिवस उन्हाचा पत्ता नाही. शेटजींकडे मुंबईचे एक बॅरिस्टर उतरलेले. त्यांचे भिजलेले बूट तुम्ही कुणी न सांगता चुलीपाशी वाळत ठेवले आणि कातडं तडकलं. मी रेल्वेच्या यार्डातून सुटून तुमच्यासाठी तंबाखू घेऊन आलो होतो, पायरीखाली उभा होतो. बॅरिस्टरांनी व्हरांड्यात, चहाला बसलेल्या सहा जणांदेखत, तुमच्या डाव्या गालावर मारलं. सहाच, मी मोजले आहेत. शेटजी उसळले, "माझ्या माणसावर हात टाकतोस?" बॅरिस्टर वरमले. "माफ कर, चुकलं माझं," म्हणत त्यांनी शेटजींचा हात धरला. तुम्ही तिथंच उभे, तडकलेला बूट हातात.

वाटेत मी तणतणत होतो. "त्यानं तुमची माफी न्हाई मागितली, आबा."

"शेट माझ्यासाठी भांडला का न्हाई? मग झालं," तुम्ही म्हणालात. "लेका, तुला लय कायदा कळाया लागला."

पुढे दोन वर्षांनी बंगल्याच्या रद्दीतून एक जाड इंग्रजी पुस्तक तुम्हीच मला आणून दिलंत. "कायद्याचं हाय म्हनं. घे, आता भांड." जुन्या रोमचा कायदा होता तो. शाळा चौथीत सुटलेली, इंग्रजी यार्डात कामापुरतं उचललेलं. शब्दकोश शेजारी ठेवून चौदा महिन्यांत मी तो संपवला. त्या लोकांत मान म्हणजे दर्जा. ज्याचा दर्जा मोठा त्याचा अपमान मोठा, चारचौघांत झाला तर आणखी मोठा. गुलामाला कुणी झोडपलं तर अपमान गुलामाचा होतच नसे, मालकाचा होई, आणि दाद मागायची ती मालकानं. नुसत्या गुद्द्याला तर सहसा मालकालाही दाद नसे. हे मी दोनदा वाचून पक्कं केलं आहे.

ते पान वाचताना मला व्हरांडा दिसला. तुम्ही गुलाम नव्हता, आबा, पगारी माळी होता. आपल्याकडे नोकराला माणूस म्हणतात. शेटजींच्या 'माझ्या माणसावर' या बोलण्यात जोर 'माझ्या'वर होता. माणूस तसाच बूट धरून उभा राहिला.

मी वडगावच्या कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसू लागलो, अंगावर कोट आला, तेव्हा ते बॅरिस्टर पुन्हा बंगल्यावर आल्याचं कळलं. पुस्तक काखेत मारून मी थेट व्हरांड्यात गेलो.

"बसा ना," ते म्हणाले.

"बसायला नाही आलो." आणि ते पान उघडून पुढे केलं, त्या माळ्याचा मी मुलगा म्हणून सांगून बुटांची आठवण करून दिली.

ते हसले. "हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं हो."

"मी परीक्षेवाचून वाचलंय."

हसू गेलं. बराच वेळ त्यांनी पान पाहिलं. मग उठून उभे राहिले, "मी तुमची माफी मागतो," म्हणाले आणि हात पुढे केला. मी तो घट्ट धरला. काय सांगू आबा, ऊर भरून आला होता. गेलो ते बरोबरच केलं. तसा प्रसंग आला तर आजही जाईन, आणि आजही बसणार नाही.

पण गाडीतून आपल्या कामशेतला उतरलो तेव्हा ध्यानात आलं. थप्पड तुम्हाला बसली होती. पहिली माफी शेटजींनी घेतली, दुसरी मी. तुम्ही तेव्हा जिवंत होता, धडधाकट होता. तुम्हाला बरोबर नेलं नाही, कारण त्यांना पाहताच तुम्ही हात जोडले असते आणि ते मला बघवलं नसतं.

घरी तुम्ही ओसरीवर दोर वळत बसला होता. "कुटं गेलतास रं, एवढा नटून?"

मी म्हणालो, "कोर्टात काम होतं."