भागिरथीसाठी आखलेला व्यायाम

२ मार्च १९७३, भिलाई
रजा मंजूर. एक महिना. साहेबाला कारण सांगितलं, बायकोला आठवा महिना लागलाय. तो म्हणाला, मग तू जाऊन काय करणार? त्याला काय माहीत माझा कार्यक्रम.

परवा पायाच्या फोडावर पट्टी बांधायला दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या व्हरांड्यात नर्स पोटुशा बायकांना सांगत होती, नुसत्या बसून राहू नका, व्यायाम करा, बाळाला चांगलं, बाळंतपण सोपं जातं. पुढचं ऐकायच्या आत माझा नंबर लागला. पण मुद्दा कळला. मी गावच्या तालमीत वाढलेला माणूस, व्यायामातलं मला शिकवायला नको.

मागच्या साली पहिलं पोर जन्मलं आणि गेलं. रडलंसुद्धा नाही म्हणे. मी इथंच होतो. लोक म्हणाले नशीब. मी म्हणतो, व्यायाम कमी पडला. या खेपेला पडू देणार नाही.

३ मार्च, पहाटे
भागिरथीला शिकवायचं तर आधी आपण. बैठका सुरू केल्या. गुडघे वाजले. खोलीची फरशी वाकडी आहे, तिच्यावर बैठक नीट बसत नाही. गावी मातीत बघू.

६ मार्च, गाव
मनमाड, नगर, मग जामखेडची एस्टी, पुढं पायी. सगळीकडं कोरडं. घरात आई एकटीच. भागिरथी कुठं विचारलं. आई म्हणाली, तळ्याच्या कामाला. पाऊस न्हाई, पीक न्हाई, सरकारी काम हाय म्हून चूल पेटती.

दिवस मावळता आली. दोन कोस चालत जाते, दिवसभर डोक्यावर मातीच्या पाट्या, दोन कोस परत. पोट पुढं आणि तोंड एवढंसं. मी विचारलं, व्यायाम काही करतेस का? ती माझ्याकडं बघतच राहिली. आई म्हणाली, प्रवासानं डोकं फिरलंय, निजू दे त्याला.

काम वेगळं, व्यायाम वेगळा. अडाणी माणसाला हा फरक कळत नाही.

७ मार्च, पहाटे
भागिरथीला उठवलं. म्हणालो, बैठका. ती म्हणाली, तुमी घाला, मी पडल्या पडल्या मोजते. घातल्या. मोजता मोजता तिला झोप लागली, त्यामुळे एकूण किती झाल्या सांगता येत नाही. बऱ्याच झाल्या.

९ मार्च
व्यायामाला खुराक पाहिजे. शेजारच्या भागूबाईकडून अंडी आणली. भागिरथीला वासानंच मळमळलं. वाया कशाला घालवायची, मी खाल्ली. कामावर सगळ्यांना सुकडी वाटतात, भाजलेल्या पिठाची, गोड असते. भागिरथी तिच्यातली अर्धी माझ्यासाठी बांधून आणते. चव बघितली. पोराच्या अंगी लागण्यासारखी आहे. उद्यापासून तिला सांगणार, सगळी तिथंच खात जा. हे सुचलं तोवर पुडी संपली होती.

१२ मार्च
कामावर नर्सबाई येणार कळलं म्हणून मुद्दाम गेलो. चारचौघांत माझा कार्यक्रम सांगितला. बाई शांतपणे म्हणाल्या, हिला चालू द्या, घरातलं हलकं काम करू द्या, तोच व्यायाम. दुपारी आडवी होऊ द्या, पोटभर खाऊ द्या. पण डोक्यावरचं ओझं आजपासून बंद. मी म्हणालो, आणि बैठका? त्या म्हणाल्या, बैठका तुम्ही घाला, आणि हिच्या पाट्या पण तुम्हीच उचला.

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मुकादम रंभाजी म्हणाला, हजेरीवर तुझं नाव घालू का मच्छिंद्र? घाल म्हणालो. तसं मी आधीच ठरवलं होतं.

१३ मार्च
हात वर होत नाही. मान फिरत नाही. पुढचं उद्या लिहीन.

१५ मार्च
रंभाजीनं मला पाणी पाजायच्या कामावर घेतलं. आधी ते म्हातारी छबूबाई करायची. तिनं माझी पाटी घेतली. म्हणाली, दे रं बाबा, तुझ्यापायी माती तिथंच ऱ्हायली. पाणी वाटणं जोखमीचं असतं, कुणालाही देत नाहीत.

२२ मार्च
भागिरथी माझी भाकरी घेऊन रोज कामावर येते. ऊन चढायच्या आत, रमत गमत. सुकडीची पुडी मी न फोडता तिला देतो. एकदाच फोडली. तिच्या तोंडावर तेज आलंय. पोर पोटात लाथा मारतं म्हणाली. मी म्हणालो, लागलं व्यायामाला.

संध्याकाळी म्हणाली, मागल्या येळी शेवटपतूर ओझं वाहिलं. नको म्हनायला कुनी नव्हतं.

मी कूस बदलली. झोप आली होती.

२ एप्रिल
रजा संपली. कारखान्याला तार केली, आजारी आहे. खोटं नाही. पाठ आजारी आहे.

९ एप्रिल
सकाळी भागिरथीला कळा सुरू झाल्या. आई म्हणाली, पळ, साळूबाईला घेऊन ये. साळूबाई सुईण, मळ्यात राहते. पळालो. ओढ्यापर्यंत झकास. पुढं छातीचा भाता झाला. बाभळीखाली टेकलो. दम नीट घेतला पाहिजे, तालमीत हेच शिकवतात.

पोचलो. साळूबाई साठीच्या पुढची. पदर खोचला आणि निघाली. मी म्हणालो, थांबा, बरोबर जाऊ. ती मागं न बघता म्हणाली, तुमी या सावकाश, पोर काय तुमच्यासाठी थांबतंय व्हय.

ओढ्याजवळ ती दिसेनाशी झाली.

घराजवळ आलो आणि रडणं ऐकू आलं. खणखणीत. पाय तिथंच थांबले. दम लागला होता म्हणून.

मुलगी. साळूबाई दारातच म्हणाली, पोर भरल्या अंगाची, आई ठणठणीत. चालती-फिरती बाई, सुटली झटक्यात. कार्यक्रम माझा होता, हे तिला सांगणार होतो. त्याआधी जरा उंबऱ्यावर बसलो, डोळ्यांपुढं अंधारी आली. आई पदरानं वारा घालू लागली.

आतून भागिरथीचा आवाज आला. अगदी नेहमीचा. आईला म्हणाली, आत्याबाई, माझं गूळपाणी आदी त्यास्नी द्या. लई दमलं असतील.

प्यालो.