ताईची अकरा मिनिटं

२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू हो म्हणालीस आणि जीव भांड्यात पडला. फोनवर तू 'बघू' म्हणून ठेवून देतेस, म्हणून सगळं लेखी कळवतो. मुख्याध्यापिकाबाईंनी चार बुधवार दिलेत, शेवटचा तास. मुलं टिकली तर वर्षभर चालू ठेवायचं, नाहीतर संगणकाची खोली टायपिंगच्या वर्गाला जाणार.

वर्गात तीस मुलं आहेत. गणित म्हणजे उदाहरण सोडवायचं आणि उत्तर ताडून बघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मीच तसं शिकवलंय, कारण माझंही ज्ञान त्यांच्या पाठ्यपुस्तकाबरोबर संपतं. तू तीस वर्षं कॉलेजात जे पुढचं गणित शिकवलंस, त्यातलं थोडं त्यांना दिसावं, एवढीच इच्छा. परीक्षेत येणारं काही नको. तू तिकडे तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बस, मी इकडे तुला भिंतीएवढी करतो. लहानपणी माझे कान पिळायचीस, पडद्यावरून निदान ते तरी जमणार नाही.

एकटी आहेस म्हणून जेवणाची टाळाटाळ करू नकोस. माझ्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझा,
धाकटा


४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उरलेली दोन व्याख्यानं माझ्याच्यानं होणार नाहीत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता सोबत देते, त्याला विचार. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

पहिल्या बुधवारी मजा आली. काल काय झालं ते तू पाहिलंस, तरी माझ्या बाजूनं सांगते. बुद्धिबळाच्या पटावरचं कुठलंही एक काळं आणि एक पांढरं घर कापलं, तरी उरलेला पट दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी पूर्ण झाकता येतो, हे मी दाखवत होते. कारण लगतच्या घरात पाऊल टाकत सगळ्या घरांतून एकेकदा जाऊन परत निघाल्या जागी येणारी फेरी काढता येते. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेले की पट कितीही घरांचा असो, फेरी निघतेच. तेव्हा ती मुलगी उठली, जिला तुम्ही सगळे वकीलबाई म्हणता. पाच बाय पाचच्या पटावर घरं पंचवीस, तिथे फेरी जुळतच नाही, असं ती म्हणाली. मग तिथे एका रंगाची तेरा आणि दुसऱ्याची बारा घरं असतात, त्यातलं जास्तीच्या रंगाचं एक कापलं, तर उरलेली चोवीस दर वेळी झाकता येतील का, असं तिनं विचारलं. तिचं बरोबर होतं. इतकी ढोबळ चूक मी तीस वर्षांत केली नव्हती.

मी विचार करायला लागले. वर पाहिलं तर पडदा काळा. मला वाटलं मिनिटभर झालं असेल, आणि घड्याळात अकरा मिनिटं गेली होती.

आईचं असंच सुरू झालं होतं. नळ सोडून ती बघत उभी राहायची, आणि हाक मारली की आत्ताच तर आले म्हणायची. चार वर्षांत तिला आपली नावं आठवेनाशी झाली. धाकट्या, मला फार भीती वाटते आहे. गणित गेलं तर माझ्यापाशी दुसरं काही नाही. मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जाते आहे. तोवर मुलांसमोर यायचं धाडस होत नाही.

मला सांभाळून घे.

तुझी,
ताई


६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं, शाळेची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून लिहितो आहे. पडदा काळा झाला तो माझ्यामुळे. वायर मी उपटली. तुझी पापणीसुद्धा लवत नव्हती. मला वाटलं नेट गेलं आणि चित्र अडकलं. आधी माऊस आपटून पाहिला, मग वायर काढून परत घातली, आणि नंतर काही केल्या जोडणी होईना. फोन केला तर तू उचलला नाहीस. ते नेहमीचंच, म्हणून मीही मनावर घेतलं नाही, ते चुकलं.

पोरं माझ्यावर तुटून पडली. तुझ्या मागचं कॅलेंडर पंख्यानं फडफडत होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. चित्र अडकलेलं नाही, मॅडम विचार करताहेत, असं वकीलबाई मला दोनदा म्हणाली आणि मी तिलाच गप्प बसवलं. मोठी माणसंही अशी थांबून विचार करतात, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मी कधी थांबलो नाही, मला उत्तरं पाठ असतात.

घंटा झाली तरी कुणी उठेना. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी जमिनीवर पट मांडला. बरीचशी घरं कापली तरी सरळ उभ्या-आडव्या पट्ट्यांनी भागत होतं, चार घरं मात्र नडत होती. शेवटी कापलेल्या घराभोवतीच्या आठ घरांचं कडं करून त्यात चार पट्ट्या बसवल्या, तेव्हा बाकीचं आपोआप जुळलं. मला पटलं, पण माझ्या पटण्याला काय अर्थ? सोबत आकृती पाठवतो, तूच तपास.

आणि आईचं म्हणशील तर ती विसरायची. तू पोरीचा प्रश्न मला शब्दन्‌शब्द लिहून पाठवलास. आठ वर्षांची असताना तू जिन्यात एक पाय वर, एक खाली ठेवून उभी राहायचीस आणि शेजारच्या काकू तुला वळसा घालून जायच्या. डॉक्टरीणबाईंकडे मात्र जरूर जा. मी येऊ का ते कळव, आणि या वेळी फोन उचल.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
धाकटा


११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर सगळं ठीक एवढंच म्हणाले, कारण जास्त बोलले असते तर रडले असते. आता सविस्तर ऐक. डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. शब्द लक्षात ठेवायला लावले, आकृत्या काढून घेतल्या. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाल्या, तेव्हा मी गप्प बसले. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, शेवटी दोन उरणार, मधलं सगळं म्हणायलाच हवं का? त्यावर त्या हसायलाच लागल्या. स्मरण खणखणीत आहे, वर्षभरानं पुन्हा दाखवा, असं सांगितलं त्यांनी. परत येताना बसच्या खिडकीशी बसून मनसोक्त रडले. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

मुलांची मांडणी चोख आहे. काल पुन्हा पडद्यावर आले तेव्हा त्यांना सांगितलंच, की दोन्ही बाजू विषम असलेल्या कुठल्याही मोठ्या पटावर ती चालते. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्षभराचे बुधवार दिले, तेही बरं झालं.

वकीलबाईनं नंतर विचारलं ते तूही ऐकलंस: दोन जास्तीच्या रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाचं, अशी तीन घरं कापली तर? मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं आणि विचार करायला लागले. वर पाहिलं तेव्हा तीसही जण वहीत डोकं घालून बसले होते. तूसुद्धा मागच्या बाकावर कागदावर चौकोन आखत होतास. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी पुन्हा मान खाली घातली. किती मिनिटं गेली, ते मी पाहिलंच नाही.

असाच जवळ राहा.

तुझी,
ताई