दोन गोरखचिंचांचं गाव

१८ ऑगस्ट १९६२, कुवेत
छापखान्यातून थेट यूसुफ नाखुद्याच्या बैठकीत. म्हातारा पूर्वी गलबत घेऊन आफ्रिकेला जाई, आता मोतीबिंदू. त्याने आणि काही व्यापाऱ्यांनी धर्मादाय मंडळ काढलंय. केनियाच्या किनाऱ्यावर विहिरी बांधायच्या. आवाहन मी लिहायचं.
विचारलं, तिथेच का?
त्याने छताकडे बोट केलं. "ये लकडी उधर की." खारफुटीचे दांडे. दांडा जेवढा लांब, तेवढी खोली रुंद. अख्खं जुनं कुवेत त्या मापाचं! आणि मी इतकी वर्षं अरुंद खोल्यांना कंजुषी म्हणत आलो.

२१ ऑगस्ट
खरं कारण आज कळलं. तरुणपणी गलबतावरचं पाणी सडलं, खलाशांच्या जिभा सुजल्या. ज्या गावाला लागले तिथली विहीर आटत आलेली. तरी बायकांनी घागरी ओतल्या. मोल विचारलं तर हसल्या. पुढे दर हंगामात तिथेच पाणी भरायचं. पहिली विहीर त्याच गावात हवी, आपण जिवंत असताना.
"गावाचं नाव?" मी पेन सरसावलं.
नाखुद्याला ठाऊक नाही. त्याच्या गलबतावर स्वयंपाक करणारे हर्णैचे इब्राहिमभाई (आता इथे चहाचं दुकान) हसायला लागले. "नाव कशाला ओ? किनाऱ्यावरच्या दोन गोरखचिंचा एकामागं एक येऊन एकच दिसल्या की सुकान फिरवायचं. तुमी पेपरवाले पत्त्याबिगर पानीपन नाय पिनार!"

३० ऑगस्ट
मंडळाची सभा. चिटणीस : "नाव नाही, तर परवानगी कुणाकडे मागू? मोंबासा घ्या." यंदाची गलबतं परतेपर्यंत गाव सापडलं नाही, तर मोंबासा. ठरलं.
म्हातारा म्हणाला, मी जातो. सगळे हसले.
"इब्राहिम आँख, बाकी मैं."
मग कुणी हसलं नाही.

३ ऑक्टोबर
धक्क्यावर निरोप. पुतण्याचं गलबत. इब्राहिमभाई : "हर्णैला कळवू नुका हां, बायको पोहत येल." नाखुद्याने कुणाचा हात धरला नाही. दिसत नसताना पाऊल बरोबर फळीवर. बघतच राहिलो.
आवाहनात गावाची जागा कोरी. छपाईची मुदत चुकवायची माझी पहिलीच वेळ.

१० मार्च १९६३
मोंबासाहून मुंबईमार्गे आलेला दाभोळचा खलाशी भेटला. दोन गोरखचिंचा कुठेच एक झाल्या नाहीत. एखादी पडली असावी. म्हातारा माघारी फिरत नाही. गावोगाव होडीने उतरतो, पाणी मागतो, तोंडात घोळवतो. "ये नहीं." पुढचं गाव. एवढ्या वर्षांनी चव...
"आणि लोक?"
"लोक काय, देतात पानी. मोल विचारलं तर हसतात. सगळीकडं तसंच."
आवाहनाचा मसुदा पुन्हा काढला.
दुपारी कंपॉझिटरने विचारलं, "साहेब, आवाहनात एका गावाच्या नावापुरती जागा ठेवलीय. पुरेल ना?"
म्हटलं, "आणखी सोड."