पहिल्या ओळीतली जागा

प्रिय लिओन,

ऱ्होडसला निघालेल्या मोसमातल्या शेवटच्या गलबताचा तांडेल ओळखीचा निघाला, वारा फिरेपर्यंत थांबतो म्हणाला, म्हणून लिहायला बसले. तू बरा असशील. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक आहे. तुझ्या दाजींच्या, निकानच्या माघारी घर मोठं वाटतं, पण माणसांची ये-जा असते. तालमीतल्या पुरुषांना अंगाला लावायचं तेल अजून माझ्याकडूनच जातं. ज्या तालमीच्या उंबऱ्याआत बाईनं पाऊल टाकायचं नाही, तिची प्रमुख म्हणून सगळे मला मान देतात. आत कशी आहे ते मी आजवर पाहिलेलं नाही. गेल्या सणाला मी बायकांनाही न्हाणीघरात तेल वाटलं, तर कुंभारवाड्यातली ग्लिकेरा म्हणाली, "अम्मियाबाई, पुरुषांनी इतकी वर्षं अंगाला चोळलं, तरी एकाचंही रूप उजळलं नाही. आता आमच्यावर करून बघा." अख्खं न्हाणीघर हसलं. तू असतास तर घरी येऊन तिची नक्कल केली असतीस.

हल्ली बाबांचं गावजेवण फार आठवतं. अपोलोच्या सणाला पहाटेपासून अंगणात बैलांचं मटण शिजायचं, रस्त्यावर पंगती बसायच्या, आणि बाबा दारात उभे राहून येईल त्याला आत घ्यायचे. गावचा, परगावचा, गुलाम, सगळे. आईनं एकदा विचारलं, हा कोण कुठला? तर म्हणाले, "पानावर बसलेल्याला कूळ विचारू नये." मधाच्या वड्या वाढायचं काम आपलं. तू वाढायचास कमी आणि खायचास जास्त. दुसऱ्या दिवशी नाट्यगृहात लोक उभे राहून ओरडायचे, "आर्टेमोन, गावाचा अन्नदाता." बाबा लाजून अंगवस्त्राचा काठ चाचपत बसायचे. तू माझ्या कानाला लागलास, "अक्का, हे बाबांना हाक मारतात की बैलांना?" मला हसू फुटलं आणि आईचा चिमटा मात्र मी खाल्ला.

त्यांना ती हाक आवडायची, खोटं कशाला बोलू. बाजारात त्यांचा पुतळा बसला तेव्हा येताजाता ते स्वतः त्यावरची कबुतरांची घाण पुसायचे. आई म्हणायची, माणूस स्वतःचंच डोकं पुसताना मी दुसरा पाहिला नाही. पण दुष्काळात कोठार उघडताना त्यांनी कुणी बघतंय का हे पाहिलं नव्हतं. तुला त्यांचा पुतळाच दिसायचा, मला कोठार दिसायचं. त्यावरून आपण किती भांडलो.

बाबा गेले आणि पुढच्याच वर्षी पाऊस आला नाही. सभा भरली आणि लोकांनी तुझ्या नावाचा घोष सुरू केला. बायकांना सभेत जागा नाही, म्हणून मी निकानच्या तोंडून ऐकलं. तू उठलास, म्हणे, आणि म्हणालास, "बाबांनी दिलं ते मनानं दिलं. तुम्ही गळा काढून मागताय. याला दान म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात." कुणी तुला अंजीर फेकून मारलं. कुणी ओरडलं, "आर्टेमोनच्या पोटी कवडीचुंबक." आठवड्यात तू वाट्याचा द्राक्षमळा मामांना विकलास आणि गलबतावर चढलास. मळ्याचे पैसे कनवटीला लावून पळाला, असं गाव म्हणालं. मीही बंदरावर तुझ्याशी धड बोलले नाही. तू म्हणालास, "अक्का, जपून राहा," आणि मी दोरखंडांकडे बघत राहिले.

त्या हिवाळ्यात इजिप्तच्या गव्हाची दोन गलबतं बंदराला लागली. देणाऱ्यानं नाव सांगू नको म्हटलंय, एवढंच तांडेल बोलला. कुणी म्हणालं राजानं पाठवली, कुणी म्हणालं समुद्रदेव पोसायडननं. देवाला बकरं कापलं. त्या गव्हावर गाव वसंतापर्यंत तगलं. झऱ्यावर पाणी भरताना बायका त्या अनोळखी हाताला दुवा द्यायच्या आणि त्याच दमात तुझ्या नावानं बोटं मोडायच्या. मी घागर भरून घेऊन यायचे.

आता मागच्या शरदात भूकंपानं तोच झरा फुटला, नळ मोडले, बाजारातलं पाणी बंद झालं. मी डोंगरापासून नवे नळ घातले, वर दगडी छप्पर बांधलं. पाणी आलं तेव्हा पोरंसोरं कपड्यांसकट खाली जाऊन उभी राहिली. मग पंचमंडळी घरी आली. त्यांचा म्होरक्या पोसिडिप्पोस, तोच लहानपणी तुझ्याशी कुस्ती हरायचा तो, म्हणाला, "बाई, तुमचा पितळी पुतळा बसवायचं ठरलंय. हवं तर नाक जरा लहान करू." मी म्हटलं, नाकाला हात लावाल तर बाबा ओळखणार नाहीत. मग त्यांना बसवलं, मद्य दिलं, आणि म्हटलं, मला पुतळा नको, त्याऐवजी दुसरं काही मागायचंय.

लिओन, त्या गलबतांचा तांडेल परत जाताना आमच्याकडे जेवून गेला होता. भाकर मोडता मोडता म्हणाला, "तुमच्या भावानं कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय. पण बहिणीचं नाव काही त्यानं त्या शपथेत घेतलं नाही." द्राक्षमळा कुठे गेला ते मला तेव्हाच कळलं. तुझ्या इच्छेखातर मी इतकी वर्षं गप्प राहिले, परवा पंचांपुढे राहिले नाही; सगळं सांगितलं आणि माझ्या पुतळ्याऐवजी तुझा मान मागितला. त्यांनी ते नाट्यगृहात भरलेल्या सभेत सांगितलं. नाट्यगृहावरच्या उतारावर बायकांबरोबर बसून मी ऐकत होते. मग म्हातारा फिलिस्कोस उठला. म्हणाला, "अंजीर मी मारलं होतं. आणि त्या हिवाळ्यात माझी दोन्ही लेकरं त्या गव्हावर जगली." एवढं बोलून खाली बसला. मतासाठी हात वर झाले, एकही खाली राहिला नाही. वसंतात डायोनिससच्या सणाला दवंडीवाला तुझं नाव पुकारणार आहे आणि नाट्यगृहात पहिल्या ओळीत, पुजाऱ्याशेजारी, तुझी जागा ठेवायची ठरलंय. तू रागावशील, रागाव. पण हिवाळा सरून समुद्र खुला झाला की पहिल्या गलबतानं ये, आणि माझ्यासमोर उभा राहून रागाव. मी बंदरावर असेन.

तुझीच,
अम्मिया अक्का