दोन दारांच्या मधोमध

मंगळवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

आज माझ्याच अंगठ्यानं मला ओळखायला नकार दिला. पन्नास वर्षं सोबत राहून ही गद्दारी. वाळूजच्या आमच्या डेटा सेंटरला एकामागे एक दोन दारं आहेत. मागचं बंद झालं, पुढचं अंगठा वाचेना आणि मी मधल्या कपाटाएवढ्या खोलीत कोंडलो. चोरासाठी हा सापळा मीच हट्टानं बसवून घेतला होता.

काचेतून मागचं फाटक दिसत होतं. पाण्याचा टँकर आला तसा सरळ आत गेला. यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं, आणि या दुष्काळात टँकरवाल्याला नाव विचारायची हिंमत कोण करणार? टँकरवर बसून आलो असतो तर सलाम मिळाला असता.

हळूहळू श्वास पुरेना. पहारेकरी गायकवाड काचेपलीकडून म्हणाले, "साहेब, लई घाम फुटलाय तुम्हाला. पण दार तोडलं तर माझी नोकरी जाईल." मला बोलवेना. मग तेच पुटपुटले, "जाऊ द्या तिच्यायला," आणि पहारीनं दार उचकटलं.

आत्ता मोठ्या साहेबांचा फोन आला. दार कुणी तोडलं? आता तिसरं बसवायचं का? म्हटलं, आधी मागच्या फाटकावर माणूस बसवा. आणि दार गायकवाडांनी माझ्या हुकमावरून तोडलं.

हुकूम मी दिलाच नव्हता.