रुख्मिणीकाकूची वाट आणि माझी साक्ष

ती. आक्कास,

धाकट्या सटवाजीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (न थांबला तरी त्यांना हळद-दूध देऊ नको, त्यांना ते सोसत न्हाई.) इकडं समदे खुशाल, एक मी सोडून. फोनवर सांगितलं असतं, पण तू "बरं बरं" म्हणून मधीच फोन ठेवतीस, म्हणून लिहून राहिलो. आक्का, आपण केस हारलो.

तुला ठावं हाये, आपल्या मळ्यात जायची गाडीवाट शेजारच्या लखमाच्या वावरातून. मागल्या साली माझ्या ट्रॅक्टरखाली त्याच्या ठिबकच्या नळ्या आल्या. त्यानं रागानं तारा ठोकून वाट बंद केली. त्याच्या ओसरीवर जाऊन दोन शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण मी हिंगोलीला वकील गाठला. वकीलबाई शीतल खिल्लारे, पोरगी लई हुशार. त्या म्हणाल्या, "काका, वीस वर्षं कुणाला न विचारता, हक्कानं वापरली, एवढं शाबित करा. बाकी काही बोलू नका." आता मला बाकी काही बोलू नका म्हणणं म्हंजे बैलाला शेपूट हलवू नको म्हणणं.

मी पुरावे जमवले. गावातली मोठी माणसं नेली, ती माझ्या सुस्वभावाबद्दल सांगायला लागली. कोर्ट म्हणालं, स्वभावाचा वाटेशी संबंध न्हाई. (तुझी भावजय मागं बसून हासली.) मग मी सांगितलं की आपल्या बाबांना लखमाचा बाप म्हणाला व्हता, वाट तुमचीच. तर म्हणे ही ऐकीव गोष्ट, दोघंबी वारले, चालत न्हाई. शेवटी हुकमाचा पत्ता काढला. लखमा सोता "वाट जुनीच हाये" म्हणतो, असं त्याचं बोलणं माझ्या फोनात टिपलेलं व्हतं आन त्याची नक्कल भाच्याच्या फोनात. वकीलबाई हरखल्या. म्हणाल्या, मूळ फोन आणा, त्याच्यासंगं दाखला जोडावा लागतो. मी म्हणालो, मूळ फोन हळद शिजवायच्या कुकरात पडला, हळदीसंगं शिजला. त्यांनी फायलीतलं ते पान काढून बाजूला ठेवलं.

मग माझी उलटतपासणी आली. लखमाचा वकील गोड माणूस. त्यानं लखमाच्या मायची, आपल्या रुख्मिणीकाकूची आठवण काढली. "काकू तुम्हाला जाऊ देत होत्या ना हो?" आक्का, काकूला जाऊन दोन वर्षं झाली, तिचं नाव कुणी एवढ्या मायेनं घेतलं नव्हतं. माझा बांध फुटला. मी म्हणालो, जाऊ देत व्हती का? अहो साहेब, दर साली पहिली गाडी भरली की मी बांधावर उभा राहून आवाज द्यायचो, काकू, जाऊ का? ती चुलीपासून उठून यायची आन म्हणायची, "जा लेकरा, पण बैलाला मुसकं बांध." मग परत येताना च्या पाजायची. वकीलबाई खुणा करून राहिल्या व्हत्या, मला वाटलं त्यांचे बी डोळे भरून आले.

आजवर माझं बोलणं कोर्ट सारखं बाजूला सारत व्हतं. न्यायाधीशसाहेब पहिल्यांदाच म्हणाले, "हे बराबर लिहून घ्या." माझी छाती फुगली. निकालात तेवढंच आलं: वादी विचारून जात व्हता, विचारून जाणाऱ्याचा हक्क बसत न्हाई.

खोटं बोलता आलं असतं, "कधीच विचारलं न्हाई" म्हणून. पण मग काकू दाराशी येऊन कुणाला जा म्हणायची?

बाहेर च्याच्या टपरीपाशी लखमा आला. जिंकल्याचं त्वांड नव्हतं त्याचं. म्हणाला, "सटवा, माय अशी म्हणायची हे मी पार इसरलो व्हतो." आक्का, तवाच बोलायला पायजे व्हतं. काहून बोललो न्हाई कुणास ठाऊक. बस लागली म्हणून मी स्टँडकडं निघून आलो. बस लागली नव्हती.

लेकरांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा,
सटवाजी

ता. क. वकीलबाई म्हणतात अपील करता येतं. करायचं न्हाई. पण हळद काढणीला आली, गाडी तर न्यावीच लागंल. लखमा तुला बहीण मानतो. तू येऊन त्याला माझ्या वतीनं विचार. मी गोठ्यात थांबतो.

आणखी एक. लखमाच आज तुमच्या जवळा बाजारला चालला, म्हणून तुझ्या भावजयीनं हे पत्र त्याच्याच हाती द्यायचं ठरवलं. त्याला च्या दे. पाकीट चिकटवलेलं न्हाई. घरात डिंक हाये, तरीबी.