तिने गाडीबद्दल विचारलं

बाबा, तुमच्या नातीने आज मला एक प्रश्न विचारला. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल, कारण ती तुमच्या माघारी जन्मली, तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. ती मुंबईचं कॉलेज अर्धवट सोडून आली तेव्हा कलमं मोहरत होती. आता आंबा उतरूनही झाला. एवढ्या दिवसांत ती हूं-नाहीपलीकडे बोललेली नाही. डॉक्टर म्हणाले, एकटी सोडू नका, बोलेल तेव्हा ऐका. मी तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली आहे. ताट जसंच्या तसं परत येतं, आणि मी ते धरून ओट्याशी उभी राहते.

हल्ली ती परसातल्या मांगरात, तुमच्या विलायती गाडीत जाऊन बसते. आज चहा घेऊन गेले, तर समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "आई, या गाडीचं जोरात पळणारं मॉडेल कंपनीने का नाही काढलं गं?" मी कप तिच्या हातात दिला.

हेच मी तुम्हाला पावसच्या वाटेवर, चढावर विचारायचे. मागची जीप हॉर्न मारत पुढे निघून जायची, मी चिडायचे, आणि तुम्ही निवांत गिअर बदलत राहायचात. एरवी मोजकं बोलणारे तुम्ही, या प्रश्नाला मात्र खुलायचात, आणि उत्तर दर वेळी निराळं. "अगो बाय, मोठं इंजिन बसलं असतं, पण थांबवायचं कुणी? आधी ब्रेक बदला, मग स्प्रिंगा बदला. मग ही गाडी हीच राहते काय?" कधी, "त्यांच्याच दुसऱ्या कारखान्यात पळणाऱ्या गाड्या होत्या. एका घरात दोन थोरल्या सुना कशाला?" तर कधी नुसतं, "खपत होती ना? ताजी सुरमई कोण मसाला लावून विकतो?" मागच्या सीटवरून आई म्हणायची, "गाडी पळत नाही, पण तोंड बघा कसं सुटलंय."

मी तिच्या शेजारी बसले आणि ब्रेकचं उत्तर सांगितलं. तिने कप मांडीवर ठेवला. हेच कशाला सांगितलं, असं मला झालं.

"म्हणजे त्यांना माहीत होतं, हिला झेपणार नाही."

"तसं नाही. होती तशी ती पावसला पोचायचीच."

"हे आजोबा म्हणाले?"

"हो," मी म्हटलं. तुम्ही म्हणाला नव्हतात.

"आणखी काय म्हणायचे?"

"उद्या सांगते."

तिने चहा प्यायला. सगळा.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवणार होते, पण गाडीत आता ती बसते. खरं कारण तुम्हाला तरी ठाऊक होतं का, बाबा? मोबाइलवर सापडेलही, पण मी शोधणार नाही. खरं एकच असेल, आणि एका दिवसात संपेल. माझ्याजवळ तुमची आठवणारी दोनच उत्तरं उरली आहेत. परवानंतरची मी तुमच्या नावावर रचणार आहे.